आजारपणाचा विमा : नोकरीचा की माणसाचा?



मोहिमांचा, तहांचा आणि वाड्यांचा इतिहास या शहरात पुष्कळ सांगितला गेला आहे, आणि पुढेही सांगितला जाईल. मी आज ज्याचा इतिहास सांगणार आहे त्याला ना किल्ला आहे, ना दप्तरखाना. तो एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे. माणूस एक नोकरी सोडून दुसरी धरतो, तेव्हा त्याच्या आजारपणाचा विमा त्याच्याबरोबर चालू लागतो, की जुन्या मालकाच्या फाटकाशीच थांबतो?

प्रश्न लहान दिसतो, पण त्यात मोठी गोम आहे. ज्याच्या घरात दम्याचा रोगी आहे, ज्याच्या पत्नीचे दिवस भरत आले आहेत, ज्याला स्वतःला मधुमेह आहे, त्याचा विमा जर मालकाच्या हाती असेल, तर तो माणूस मालकाशी भांडू शकत नाही, पगारवाढ मागताना कचरतो आणि चांगली नोकरी चालून आली तरी उंबरठा ओलांडत नाही. म्हणून विमा कोणाच्या नावावर आहे, यावर माणूस किती स्वतंत्र आहे हे ठरते. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे या प्रश्नाला कोणकोणती उत्तरे मिळाली, हे आज पाहावयाचे आहे.

गाव हाच विमा

१८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानांचा पाया घातला गेला. त्याच साली मुंबईत गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने पहिले फॅक्टरी कमिशन नेमले. त्या गिरण्यांतला कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुणे जिल्ह्याचा. तो आजारी पडला तर त्याचा पगार त्या दिवसापासून बंद होई. खाडा म्हणजे खाडा, मग तो तापाने असो की मौजेने. चार दिवस तो खोलीत पडून राही. भागले नाही तर गावाची वाट धरी. गावी भाऊ असे, जमिनीचा तुकडा असे, आईच्या हातची पेज असे. गाव हाच त्याचा विमा होता. पुढे १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने, म्हणजे मजूरविषयक शाही आयोगाने, आपल्या १९३१च्या अहवालात हीच गोष्ट मान्य केली. शहरातल्या कामगाराचे गावाशी असलेले नाते आजारपणात आणि बेकारीत त्याला आधार देते, सबब ते एकदम तोडू नये, असे त्या आयोगाचे मत पडले.

परंतु गावाचा हा विमा फार महाग होता. कामगार बरा होऊन परत येई तेव्हा त्याच्या सांच्यावर दुसरा उभा असे. मग जॉबरला चिरीमिरी देऊन पुन्हा बदलीपासून सुरुवात करावयाची.

या स्थितीविरुद्ध पहिला संघटित आवाज उठविला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे हे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जो अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती १८९० साली मान्य झाली. त्याच अर्जातली दुसरी एक मागणी मात्र विस्मरणात गेली. गिरणीत काम करताना ज्याला दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. आजारी माणसाचा पगार हा दानधर्माचा विषय नसून हक्काचा आहे, हे आपल्याकडे कामगारांनी सामुदायिकपणे म्हटले ते येथे. १८९७च्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत असतानाच लोखंडे यांना मृत्यू आला.

बोजा एकट्या मालकावर

या मागणीला कायद्याचे रूप येण्यास चाळीस वर्षे लागली. १९२३चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. देशातला तो पहिला. मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला होता. दोन्ही कायदे चांगले. परंतु दोहोंत एक उणीव राहिली. पैसे द्यावयाचे ते त्या त्या मालकाने, आपल्या खिशातून.

याचा परिणाम काय झाला? ज्या खर्चाचा बोजा एकट्या मालकावर पडतो, तो खर्च टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो माणूसच टाळणे. बाई गरोदर आहे असे दिसताच तिला कामावरून काढण्याचे प्रकार झाले. लग्न झालेल्या बायका घेऊच नयेत, असे काही मालक ठरवू लागले. शिवाय या कायद्यांत साध्या आजाराला, क्षयाला, हिवतापाला जागाच नव्हती. काही मोठ्या कारखान्यांनी आपले दवाखाने काढले. पण कारखान्याच्या दवाखान्याची हद्द कारखान्याच्या भिंतीपर्यंतच असते. ज्या दिवशी कामगार हिशेब घेतो, त्या दिवशी त्याचा केसपेपरही संपतो.

खिशातले कार्ड

युरोपात यावर दोन निरनिराळे उपाय निघाले होते. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली सक्तीचा आजार विमा सुरू केला. कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीचे निधी निर्माण झाले. पण त्यांतले कित्येक निधी धंद्यावार किंवा कारखान्यावार होते. नोकरी बदलली की बहुधा निधीही बदलावा लागे. आपल्या पसंतीचा निधी निवडून नोकरी बदलल्यावरही त्यातच राहण्याची मोकळीक तेथील बहुसंख्य लोकांना मिळाली ती १९९६ साली, म्हणजे एकशे तेरा वर्षांनी.

इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या कायद्याने निराळी वाट धरली. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन, अशी ती वर्गणी. कामगाराने आपल्या पसंतीची मान्यताप्राप्त संस्था निवडावयाची. ती मित्रमंडळी पद्धतीची सहकारी संस्था असेल, युनियन असेल किंवा विमा कंपनी असेल. वर्गणीची तिकिटे एका कार्डावर चिकटवीत. नोकरी बदलली की कामगार तेच कार्ड नव्या मालकाकडे नेई. डॉक्टरही त्यानेच यादीतून निवडावयाचा. त्या यादीला ‘पॅनेल’ म्हणत. मुंबईच्या चाळींतून पुढे ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द ऐकू येऊ लागला, त्याचे मूळ हे आहे.

या दोन वाटांपैकी आपण कोणती घेतली? व्हिटली कमिशनवर आपल्याकडचे एक सभासद होते ना. म. जोशी. ते पुण्याच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे नामदार गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, कार्यकर्ते आणि १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी एक. कमिशनने आजार विम्याचा विचार मांडला. परंतु आकडे नाहीत, पैसा नाही, या सबबींवर सरकारने दहा वर्षे काढली. अखेर महायुद्धाच्या काळात, मार्च १९४३मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते. अदारकरांनी १९४४च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे स्टॅक आणि राव या दोन तज्ज्ञांनी १९४५ साली तो तपासला आणि आजार, बाळंतपण आणि कामावरील अपघात या तिन्हींचा विमा एकाच छत्राखाली आणावा, असे सुचविले. त्यातून १९४८चा राज्य कामगार विमा कायदा जन्माला आला. कामगारांच्या तोंडी तो ‘ईएसआय’ झाला.

या कायद्याने मघाच्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध दिले. वर्गणी मालकाने भरावयाची, पण ती जमा व्हावयाची एका देशव्यापी महामंडळाच्या निधीत. कामगाराला एक विमा क्रमांक मिळावयाचा आणि तो जन्मभर त्याचाच राहावयाचा. मालक बदलला तर बदलला. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यासही १९४८च्या कायद्याने मनाई केली. बाळंतपणाचा खर्च निधीतून निघू लागल्यावर बाईला काढून टाकण्यात मालकाचा फायदा उरला नाही.

योजना अमलात येताना गंमतीचा एक तंटा झाला. सुरुवात दिल्ली आणि कानपूर येथे करावयाचे ठरले. तेव्हा कानपूरचे गिरणीमालक म्हणाले, आम्ही वर्गणी भरावयाची आणि इतर शहरांतल्या गिरण्यांनी स्वस्तात कापड विकावयाचे, हा न्याय कोणता? त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. १९५१ साली कायदा दुरुस्त झाला. योजना जेथे चालू होईल तेथील मालकांनी पगारबिलाच्या सव्वा टक्का आणि इतर सर्व ठिकाणच्या मालकांनी पाऊण टक्का द्यावा, असे ठरले. म्हणजे आजारपणाचा खर्च साऱ्या देशाच्या उद्योगावर वाटला गेला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूरला उद्घाटन झाले. योजनेचे पहिले मानद विमेदार ते स्वतःच झाले. १९५४ साली योजना नागपूर आणि मुंबई येथे आली.

मुंबईत पॅनेलची पद्धत स्वीकारली गेली. वस्तीतला खाजगी डॉक्टर यादीवर असे आणि कामगार त्याला आपला म्हणून निवडी. लालबागचा कामगार परळची गिरणी सोडून शिवडीच्या कारखान्यात गेला, तरी त्याचा डॉक्टर तोच, नाडी ओळखणारा. नोकरी बदलूनही आपल्या पसंतीचे आरोग्यरक्षण टिकविण्याची ही सोय आपल्या राज्यातल्या सामान्य कामगाराला सत्तर वर्षांपूर्वी मिळाली होती, हे आपण विसरता कामा नये.

मधल्या दिवसांची शिदोरी

एक नोकरी सुटली आणि दुसरी लागेपर्यंत काही महिने गेले, तर काय? योजनेचा हिशेब येथे मोठा शहाणपणाचा आहे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ. पहिल्या काळातल्या वर्गणीचे फळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. दुसऱ्याचे जुलै ते डिसेंबरमध्ये. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर फळाच्या काळात आजारपणाचा भत्ता मिळतो. हा भत्ता सरासरी पगाराच्या ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवसांपर्यंत असतो. त्या ७८ दिवसांतले ४० भोसरीच्या मालकाकडचे आणि ३८ हडपसरच्या मालकाकडचे असले तरी हरकत नाही. दोन्ही एकाच क्रमांकावर जमा असले म्हणजे झाले. जुन्या नोकरीची शिदोरी अशी नव्या नोकरीत पुरते. क्षय, कर्करोग अशा दीर्घ आजारांसाठी भत्ता अधिक काळ आणि अधिक दराने मिळतो. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी दाखवावी लागते.

आता या हिशेबाला गळती कोठे लागते ते सांगतो. कारण गेली कित्येक वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी गाऱ्हाणी बहुतेक याच जागची असतात.

पहिली गळती दुहेरी क्रमांकाची. कंत्राटी कामगार मशीन सोडीत नाही. पण दर वर्षी कंत्राटदार बदलतो. नवा कंत्राटदार कामगाराला जुना क्रमांक विचारीत नाही, सरळ नवा काढतो. एकाच माणसाचे तीन क्रमांक झालेले मी पाहिले आहेत. त्याची वर्गणी तिन्ही ठिकाणी विखुरलेली. कोठेच ७८ दिवस भरत नाहीत. पगारातून पैसे नियमाने कापले गेले आणि कागदावर मात्र हा माणूस दर वर्षी नव्यानेच नोकरीला लागला! यात ब्रेक देण्याची चाल मिसळली, की सलग दोन वर्षे कधीच होत नाहीत.

दुसरी गळती पगाराच्या मर्यादेची. १९४८ साली ही मर्यादा महिना ४०० रुपये होती. त्याआधी एक वर्ष, १९४७च्या निवाड्याने, मुंबईच्या गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार ३० रुपये ठरला होता. महागाईभत्ता धरला तरी साधा कामगार ४००पासून कोसभर लांब होता. म्हणजे छत्री सर्वांना पुरेल अशी उघडली होती. १ जानेवारी २०१७ रोजी मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली. त्यानंतर पिंपरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात किती कुशल कामगार एका पगारवाढीने या रेषेपलीकडे गेले, ते त्या भागात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. रेषा ओलांडणाऱ्याला चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत आणि त्याच्या फळाचा काळ सरेपर्यंत संरक्षण राहते. मग ते संपते.

पुन्हा मालकाच्या फाटकाशी

रेषेपलीकडे काय आहे? तेथे आहे कंपनीची सामुदायिक पॉलिसी. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ आणले. चांगल्या खाजगी रुग्णालयात जाता येते, खोली मिळते, रांग कमी. म्हणून ते लोकांना आवडले. ईएसआयच्या दवाखान्यातली गर्दी, औषधांचा तुटवडा आणि तपासणीसाठी घालावे लागणारे खेटे यांना कंटाळून काही संघटनांनी स्वतःच ईएसआयमधून सूट मागितली आणि करारात मेडिक्लेम मिळविले. त्यांचा कंटाळा खोटा नव्हता. तथापि या सौद्यात एक गोष्ट हातची गेली. सामुदायिक पॉलिसी ही मालकाची असते. राजीनाम्याबरोबर ती संपते. पन्नाशीच्या माणसाने त्यानंतर स्वतःची पॉलिसी घेतली, तर हप्ता वयाप्रमाणे वाढलेला आणि असलेल्या आजारासाठी वाट पाहण्याची अट; ही अट २०२४च्या नियमांनुसारही ३६ महिन्यांपर्यंत असू शकते. गावाकडे परतणाऱ्या गिरणी कामगाराची जी गत होती, तीच वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या त्याच्या नातवाची झाली. फरक इतकाच की, परतण्यासाठी आता गावही उरले नाही.

अमेरिकेत ही गोष्ट आपल्याआधी घडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तेथे पगारवाढीवर नियंत्रण आले. माणसे टिकविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला आणि विमा नोकरीला जखडला गेला. विम्यासाठी नको असलेली नोकरी धरून बसणे हा तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. १९८६ साली कायदा करून, नोकरी सुटल्यावर सर्वसाधारणपणे अठरा महिने तोच विमा चालू ठेवण्याचा हक्क दिला गेला. पण हप्ता साराच्या सारा कामगाराने भरावयाचा. ज्याचा पगारच बंद झाला त्याला हा हक्क किती पेलणार?

आपल्याकडे विमा नियामकाने १ ऑक्टोबर २०११ पासून पॉलिसी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय केली. वाट पाहून काढलेली वर्षे त्यामुळे फुकट जात नाहीत. सामुदायिक पॉलिसीतल्या माणसालाही नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. तो वापरणारे थोडे. कारण राजीनामा देताना भविष्यनिर्वाह निधीची चौकशी सारे करतात, विम्याची कोणी करीत नाही. शिवाय हप्ता किती घ्यावयाचा हे विमा कंपनी ठरविते. राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना नोकरीवर अवलंबून नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. परंतु ती ठरावीक उपचारांपुरती आहे, आणि अंथरुणावर पडलेल्याचा बुडालेला पगार ती देत नाही. लोखंड्यांची मागणी तर नेमकी त्या पगाराची होती.

आता काय करावयाचे

ज्यांना उद्याच उपयोग व्हावा त्यांच्यासाठी आधी चार व्यवहाराच्या गोष्टी. ईएसआयचा क्रमांक आधार कार्डाइतका जपा. नव्या कामावर रुजू होताना मागितला नाही तरी लिहून द्या. क्रमांक दोन झाले असतील तर महामंडळाच्या कचेरीत लेखी अर्ज करून एकत्र करून घ्या, आणि हे आजारी पडण्यापूर्वी करा. पगार रेषेजवळ आला असेल तर फळाचा काळ कोणत्या तारखेला संपतो ते आधी पाहा. कंपनीच्या पॉलिसीत असाल तर राजीनाम्याचा कागद देण्यापूर्वी, तिची मुदत चालू असतानाच, वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा. या सभेत जे छोटे कारखानदार आणि दुकानदार बसले असतील त्यांना एकच विनंती. नव्या माणसाला त्याचा जुना क्रमांक विचारा. त्याला एक मिनिट लागते.

परंतु एकेकट्याच्या दक्षतेवर हा प्रश्न सुटणारा नाही. १९४८च्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. संसदेने ती २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. कायदा नवा झाला आहे, तेव्हा मागणीही नीट मांडली पाहिजे. ती मागणी परकी नाही; योजनेच्या आपल्याच नियमांत तिचे बीज आहे. निवृत्तीपूर्वी निदान पाच वर्षे विमापात्र नोकरी केलेल्या कामगाराला निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय मदत चालू ठेवण्याची सोय या योजनेने केली. म्हणजे मालक मध्ये नसताना, कामगाराच्या हातून थेट वर्गणी घेऊन त्याला विम्यात ठेवता येते, हे महामंडळानेच सिद्ध केले आहे.

जी गोष्ट निवृत्ताला करता येते, ती दोन नोकऱ्यांच्या मधल्या कामगाराला का करता येऊ नये? पगाराची रेषा ओलांडणाऱ्याला, वाजवी वर्गणी घेऊन, इच्छा असेल तर आत का राहू देऊ नये? आणि तो आत राहावा अशी इच्छा त्याला व्हावी, एवढे चिंचवडचे आणि बिबवेवाडीचे रुग्णालय सुसज्ज का असू नये? चांगला पगार मिळविणारा माणूस योजनेत राहिला, तर त्याची वर्गणीही निधीत राहते आणि दवाखान्यातल्या गैरसोयीविरुद्ध बोलणारा एक आवाजही आत राहतो. तो बाहेर पडला की मागे उरतात ते ज्यांचे कोणी ऐकत नाही ते.

१८८४ साली साडेपाच हजार माणसांनी सह्या केल्या तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना सही करता येत नसेल. अंगठा उठविला असेल. आपल्याला लिहितावाचता येते आणि आपला विमा क्रमांक कोठे आहे हे शोधता येते. आज घरी गेल्यावर तो शोधावा, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसालाही त्याचा क्रमांक विचारावा, इतके सांगून मी आपली रजा घेतो.